राउटरला विचारलेलं नाव

काल दुपारचं काम तसं साधंच होतं. दवाखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवर एक नंबर असतो. राउटरमध्ये नावांची यादी भरून ठेवली की कुणी नुसतं 'नोंदी' असं टाइप केलं, तरी राउटर त्याचा नंबर शोधून देतो. हे सगळे नंबर मात्र एकाच माणसाच्या डोक्यात होते. कॉम्प्युटरवाले काका. लिहून ठेवा, म्हणून मी त्यांच्याशी कितीदा भांडले! पेशंटचा जीव एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवायचा?

"पोरी, तू भांड. नंबर सांगायला मी आहे की," ते कपाळाला निलगिरीचं तेल चोळत हसायचे.

महिन्यापूर्वी काका गेले. परवा जुना राउटर जळाला. नव्याला 'नोंदी'चा नंबर कोण सांगणार? पेशंटच्या नोंदींचा तो कॉम्प्युटर जिन्याखालच्या खोलीत होता, आणि तिची किल्ली काकांबरोबरच हरवली होती. शिपाईमामा कुलूप तोडायला गेले होते.

"झालं का गं?" सिस्टर दारातच उभ्या होत्या. "त्या जुन्या पेशंट बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलंय. शुद्ध नाही, सोबत कुणी नाही. तिला कुठलं औषध सोसत नाही, ते त्या नोंदीतच आहे."

"पाच मिनिटं."

"मघाशीही पाचच म्हणालीस!"

मी अंदाजाने नंबर टाकत होते. एकही लागेना. पुन्हा यादीत 'नोंदी' टाइप केलं... आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीत नंबर आपोआप उमटला. खोलीत निलगिरीचा वास होता.

पान उघडलं. सिस्टर वाचता वाचताच धावल्या, "ते इंजेक्शन नको... थांबवा!"

बाई वाचली.

तेवढ्यात मामा तुटकं कुलूप घेऊन वर आले. "ताई, तो नोंदींचा डबा बंदच आहे. वायर उंदरांनी खाल्लीय."

"पण आत्ता पान उघडलं, मामा..."

"खाली येऊन हात लावून बघा. गार आहे... बर्फासारखा."

कुणी कुठलं नाव विचारलं, तेही राउटर टिपून ठेवतो. संध्याकाळी मी ते पाहिलं. 'नोंदी' एकदाच. त्यानंतर त्या बंद डब्याच्याच नंबरावरून दर मिनिटाला एकच नाव. पोरी. आणि राउटरचं उत्तर: असं नाव यादीत नाही.

मी ते नाव यादीत भरलेलं नाही. दवाखान्यात दुसऱ्या कुणाला राउटरचा पासवर्डही माहीत नाही. तरी आज सकाळी ते यादीत होतं, नंबरासकट. नंबर माझ्या फोनचा आहे.

आणि विचारणं थांबलंय.