ज्वारीतली मेंढी

मानवजातीच्या इतिहासात एखादाच क्षण असा येतो, की त्यानंतर जग पहिल्यासारखं राहत नाही. १९९७ सालच्या मे महिन्यात हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तो क्षण आला, आणि मकरंद नेमका तेव्हाच शिंकला.

"मे महिन्यात स्वेटर घालता?" दारातून आवाज आला. हातात बर्फाचा डबा घेऊन एक मुलगी उभी होती.

"यंत्राला उकाडा सोसत नाही, मला एसीची थंडी," मकरंद नाक पुसत म्हणाला. "ते जर्मनीहून आलंय, मी बरकतपुऱ्याहून. ऐकणार कोणाचं?"

ती हसली... आणि मकरंदचं काम तमाम झालं.

मलकपेठेची ही वृषाली, पाण्यावाचून तग धरणाऱ्या ज्वारीत असं कोणतं प्रथिन असतं, ते शोधत होती. उदारीकरणाच्या कृपेनं आलेलं ते मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनाचे तुकडे तोलायचं आणि कागदावर शिखरं काढून द्यायचं. ती कोणत्या प्रथिनाशी जुळतात, ते संगणक शोधायचा. यंत्र मकरंदच्या ताब्यात. इतरांना तो नियमावर बोट ठेवून सांगे, "नमुना स्वतः लावा." वृषालीच्या नमुन्यांचे थेंब मात्र तो स्वतः, स्टीलच्या पट्टीवर इतका वाकून ठेवायचा, की देवाला गंध लावतोय असं वाटावं.

वर्ष गेलं. एक दिवस तिच्या कागदावरची तीन शिखरं जगातल्या कुठल्याच वनस्पतीशी जुळेनात. नवं प्रथिन! तिच्या मार्गदर्शक सरांनी परदेशातल्या परिषदेसाठी गोषवारा लिहवून घेतला. तो ई-मेलनं पाठवायचा दिवस उजाडला; वेळ संध्याकाळी पाचची.

दुपारी मकरंदनं सहज तीच शिखरं प्राण्यांच्या यादीशी ताडून पाहिली. इंटरनेटनं आपल्या सवडीनं विचार केला आणि उत्तर दिलं: मेंढी. लोकर.

मकरंदनं आपल्या स्वेटरच्या बाहीकडे पाहिलं. लोकर अस्सल आहे, असं मालनआत्या विणताना म्हणाली होती. घरात कोणी विश्वास ठेवला नव्हता.

गप्प बसावं, तर ती खोटं प्रथिन घेऊन परिषदेला जाणार. बोलावं, तर तिची वर्षाची मेहनत जाणार आणि तिच्या नजरेतून आपण. चार ग्लास पाणी पिऊन तो तिच्या टेबलापाशी गेला.

"वृषाली... तुमच्या ज्वारीत मेंढी शिरलीय."

तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला. मेंढी जागची हलली नाही.

"तुम्ही बोलला नसता, तर कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना."

ती खिडकीपर्यंत गेली आणि एकदम वळली.

"रेणूताईचे नमुने स्वच्छ. संदेशचे स्वच्छ. मग मेंढी माझ्याच का?"

"ते आपापले लावतात."

"आणि माझे?"

"मी..."

"कायकू?"

"तुम्ही शेजारी उभ्या राहता ना... तेवढा वेळ."

"किती नमुने झाले?"

"दोनशे अकरा."

"आणि एकदाही तोंडानं सांगावंसं वाटलं नाही?"

"पुरावा कमी पडेल, असं वाटलं."

"पुरावा!" ती डोळे पुसता पुसता हसली. "एवढा भक्कम पुरावा माझ्या ज्वारीलाही मिळाला नव्हता." तिनं गोषवारा उभा फाडला. "पुन्हा पेरायचं म्हणजे आणखी एक वर्ष गेलं."

"मी आहे."

"हौ. माहीत आहे. तू आहेस."

तू! वर्षभर साठवलेलं सगळं एकदम मकरंदच्या ओठांवर आलं.

"वृषाली, मी आयुष्यभर —"

"ते बोलू रे निवांत," ती पर्स उचलत म्हणाली. "मलकपेठेचा बाजार उठेल. आईनं वरणात घालायला चिंचेचा कोवळा पाला सांगितलाय, तेवढा घेऊन देतोस? आणि निवडून घे हं, काड्या नकोत."