देह नसलेल्या बाईचं अपील

तुरुंगाच्या मनोकक्षात, तिसऱ्या फळीवरच्या चौऱ्याहत्तर नंबरच्या कुपीत इंदुमती धायगुडे जन्मठेप भोगत होती. तिचा देह दोन वर्षांपूर्वीच तापाने गेला, रीतसर जळलासुद्धा. पण तुरुंगाला त्याचं काय! मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी तिचं मन उतरवून घेतलं आणि नियम दाखवला: मन चालू तोवर जन्म चालू.

मनोकुपी ही काही जादू नव्हे. मेंदूतली प्रत्येक जोडणी स्फटिकात जशीच्या तशी उतरवली की त्या स्फटिकाला आठवतं, विचार करता येतो आणि भांडताही येतं. हे तंत्र इंदुमतीनेच शोधलेलं. आता बसा स्वतःच्याच पिंजऱ्यात!

"ताई, बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळला," तिची वकील मृणाल तांडेल म्हणाली. "या अर्जात कैद्याला सदेह कोर्टापुढे आणावं लागतं. न्यायमूर्ती म्हणतात, देहच नाही तर आणायचं कोणाला? देह नाही म्हणून व्यक्ती नाही. तुम्ही तुरुंगाच्या सामानातली वस्तू."

"शिक्षा भोगायला जिवंत आणि सुटायला वस्तू? वा रे न्याय!" कुपीचा कर्णा खरखरला. "सर्वोच्च पीठाकडे अपील कर. मुद्दा एकच. देहाविना मन ही व्यक्ती आहे की नाही, ते सगळ्या देशासाठी ठरू दे."

"दयेचा मुद्दा घातला तर कदाचित सुटाल."

"दया गेली चुलीत!"

हा राग उगाच नव्हता. कुपीच्या पहिल्या चाचणीत सात स्वयंसेवक मेले होते. यंत्र तयार नाही, असं इंदुमतीने लेखी कळवलं होतं. कंपनीचा प्रमुख भार्गव राजोपाध्ये याने ते पत्र गायब केलं, चाचणीच्या मंजुरीपत्रावर तिची खोटी सही ठोकली आणि कोर्टात डोळे पुसत तिच्याविरुद्ध साक्ष दिली. सात खून तिच्या माथी! आईने मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या वर्षी राजोपाध्येचं हृदय बंद पडलं. पण आधीच कुपीत शिरलेला तो लबाड शेजारच्या राज्यातून अजून कंपनी हाकत होता. मोठ्या माणसाला कोण विचारणार? तरी त्या पत्राबद्दल पोलिसांनी दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा तो म्हणाला, "स्वतःविरुद्ध बोलायला कोणत्याही व्यक्तीला भाग पाडता येत नाही." आणि गप्प झाला.

अपिलाची बातमी कळताच त्याने चार नामांकित वकील उभे केले. ती बाई सुटता कामा नये, एवढंच त्याला दिसत होतं. वकिलांनी तीन दिवस घसा कोरडा केला: मेलेला तो मेला, कुपी ही वस्तूच.

अपील फेटाळलं गेलं. मृणाल रडवेली होऊन मनोकक्षात आली. "हरलो, ताई."

कर्णा हसायला लागला. थांबेचना.

"अगं वेडे, मला हरायचंच होतं! उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या राज्यापुरता होता, आता तो देशभर लागू झाला. सांग बघू, राजोपाध्येला देह आहे?"

मृणालने निकालपत्र पुन्हा उघडलं.

"गप्प राहायचा हक्क व्यक्तीला असतो. वस्तूची झडती घेतात. जोडण्या वाचणारं यंत्र मीच बनवलंय. जा, वॉरंट काढ."

"पण ताई, तुम्हीही वस्तूच ठरलात. वस्तूला जन्मठेप नसते. महिनाअखेर तुरुंगाचं भंगार निघतं, त्यात तुमची कुपी..."

"ठाऊक आहे. मला सुटायचं नव्हतं, त्याला सोडायचं नव्हतं."

वॉरंट सहा दिवसांत निघालं. राजोपाध्येच्या आठवणीत सगळं सापडलं: फाडलेलं पत्र, पेन, इंदुमतीची सही गिरवणारा त्याचा हात. मृणालने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला.

"आईला कळायला हवं होतं गं," इंदुमती म्हणाली. "त्याची कुपी कुठाय?"

"पुरावा म्हणून इथेच आणलीय. पंच्याहत्तर नंबर, तुमच्या शेजारी. कंपनीवरचे सात खटले संपेपर्यंत बंद करता येणार नाही. सगळं ऐकू येतंय त्याला."

"माझा कर्णा तिकडे वळव."

मृणालने कर्णा वळवला. इंदुमतीने त्या सात मेलेल्यांची नावं एकेक करून घेतली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. भंगाराची गाडी यायला अजून बावीस दिवस होते.