मिठाची जागा

"टाक ते खाली! डाव्या हातानं मीठ वाढतेस? कुणी शिकवलं हे तुला?"

भाऊंच्या त्या गर्जनेसरशी सात वर्षांच्या सुमतीच्या हातातली मिठाची वाटी निसटली, पांढरंशुभ्र मीठ पानाभोवतीच्या रांगोळीवर सांडलं, आणि आमटीचं पातेलं घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या मंदाकिनीच्या डोळ्यांपुढे नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार लख्खकन उभी राहिली... अशीच पंगत, अशीच रांगोळी, आणि असाच एक डावा हात!

आज भाऊंची पंचाहत्तरी. ठाण्याच्या शाळेत हेडमास्तरकी करून निवृत्त झालेल्या वडिलांनी स्वतःच पत्र घालून धाकट्या लेकीला, चित्राला, कल्याणजवळच्या मोहन्याहून बोलावून घेतलं होतं. तिचे यजमान त्र्यंबकराव तिथल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांना रजा नव्हती, म्हणून ती सुमतीला घेऊन एकटीच आली होती. लग्नानंतर प्रथमच ती माहेरच्या पाटावर बसत होती आणि सकाळपासून मंदाकिनी तिच्याशी "पाणी हवं का?" यापलीकडे चार शब्द बोलली नव्हती. काय बोलणार? पाठच्या बहिणीनं केसानं गळा कापला होता तिचा!

मंदाकिनी जन्माची डावखुरी. आई होती तोवर ते झाकलं गेलं. आई गेली आणि दोन वर्षांनी, एकोणपन्नास सालच्या वैशाखात, त्र्यंबकरावांचं स्थळ चालून आलं. त्यांच्या आईची अट एकच होती. "मुलगी चालवून-बोलवून काय पाहायची? पंगत वाढू दे तिला. वाढताना बाई कळते."

मग तीन महिने रोज संध्याकाळी चित्रा आईच्या जुन्या लुगड्याच्या काठानं ताईचा डावा हात कमरेशी बांधायची. मागच्या पडवीत केळीची पानं मांडायची, भात म्हणून चिंचोके, चटणी म्हणून वाळू, आणि मंदाकिनी उजव्या हातानं वाढायची. मीठ वरती मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मनगट भरून यायचं, चिंचोके पानाबाहेर उडायचे, दोघी बहिणी पोट धरधरून हसायच्या. आरामखुर्चीतून भाऊ म्हणायचे, "जमेल हो मंदे, जमेल!"

आणि जमलंही होतं! पंधरा पानं तिनं अशी वाढली की शिताला शीत लागलं नाही. तूप वाढताना त्र्यंबकरावांनी क्षणभर मान वर केली, त्यांच्या आई म्हणाल्या, "हात गोड आहे हो मुलीचा," आणि तेवढ्यात दाराशी उभी असलेली सतरा वर्षांची चित्रा म्हणाली,

"ताई, उजवा हात भरून आला असेल ना गं? रोज तर डाव्यानंच वाढतेस!"

त्र्यंबकरावांच्या आईंनी आपल्या पानावर आडवा हात धरला. पुढं काही बोलायची गरजच उरली नाही... आठ दिवसांनी निरोप आला, धाकटी चालेल. भाऊंनी मान डोलावली, आणि त्या लग्नात वधूवरांच्या पाटाभोवती महिरपीची रांगोळी मंदाकिनीनंच घातली, उजव्या हातानं!

तेव्हापासून नऊ वर्षं ती भाऊंचं पान मांडत होती. चटणी बोटभर सरकली तरी भाऊ पानावर बसत नसत.

"हे तुमच्या त्या टेबलाचे संस्कार!" भाऊ अजून धुमसत होते. "काटे काय, चमचे काय..."

सुमती हुंदके देत म्हणाली, "पण आजोबा, आमच्या कॉलनीत साहेबांकडे काटा डाव्या हातातच धरतात! मडम म्हणाल्या, सगळ्यांत छान मलाच जमतो. तिथं कुणीच ओरडत नाही... घरी आजी मात्र हात बांधते."

मंदाकिनीनं पातेलं खाली ठेवलं. पोरीचं डावं मनगट हातात घेतलं. कोवळ्या कातडीवर दोरीचा लालसर वळ होता.

"चित्रे, आणि तू बांधू देतेस?" नऊ वर्षांत तिनं बहिणीला मनापासून विचारलेला हा पहिला प्रश्न!

चित्राचा बांध फुटला. "काय तोंडानं अडवू गं ताई? तुझा हात बांधणारी मीच ना! आणि त्या दिवशी... ते मी माझ्या मनानं बोलले नव्हते गं..."

"चित्रे, गप्प बैस!" भाऊ कडाडले.

"नाही भाऊ. गेलेल्या आईची शपथ घातलीत, मी नऊ वर्षं पाळली. आता माझ्याच लेकीचा हात बांधला जातोय, मला ती शपथ पेलवत नाही!" ती बहिणीकडे वळली. "आदल्या दिवशी भाऊंनी मला तुळशीपाशी बोलावलं. म्हणाले, पंगत रंगात आली की एवढंच बोल, त्यात खोटं काही नाही. मी विचारलं, का हो भाऊ? तर म्हणाले... मंदा गेली तर माझं पान कोण मांडणार?"

जांभळी नाक्याकडून एक टांगा खडखडत आला आणि गेला.

"भाऊ, खरं हे?"

भाऊ पानाकडे बघत राहिले. "तुझी आई गेल्यावर मला काही सुचेना, मंदे... वाटलं, आणखी एखादं वर्ष. मग दुसरं स्थळ बघू..."

"खोपटचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळत नाही म्हणालात."

भाऊंनी रांगोळीवरचं मीठ बोटानं बाजूला सारलं.

"जुळत होती?"

त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही... आणि उत्तर मिळालं! जिच्यावर नऊ वर्षं मनातल्या मनात आग पाखडली ती परकी झाली होती, आणि ज्याच्या पानाभोवती रोज रांगोळी रेखली तो जन्मदाता... मंदाकिनीला वाटलं, आपण रडू. पण डोळे कोरडेच राहिले.

ती शांतपणे आत गेली आणि आणखी एक पाट, एक पान घेऊन आली. पंगतीत ती कधीच बसत नसे, सगळ्यांच्या मागून चुलीपाशी जेवे. आज तिनं चित्राशेजारी पाट मांडला. पानाचं टोक उजवीकडे केलं. चटणी, कोशिंबीर उजवीकडे वाढली, भाजी, आमटी डावीकडे, मधे वरणभात.

"मंदे!" भाऊंचा आवाज चिरकला. "श्राद्धाला मांडतात असं उलटं पान! आजच्या दिवशी? कुणाचं हे?"

"नऊ वर्षांपूर्वी गेली त्या मंदाचं, भाऊ. आज जेवायला आलीय, बसू द्या तिला."

सुमतीनं डोळे पुसले. "मावशी, माझंही असंच मांड ना!"

चित्रानं क्षणाचाही विचार केला नाही. तिनं आपल्या हातानं लेकीचं पान फिरवलं. तिघी एका रांगेत बसल्या. भाऊंच्या पानावर भात नव्हता, आमटी नव्हती. ते थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग गुडघ्यांवर हात रेटत उठले आणि सांडलेली वाटी त्यांनी उचलली.

"मिठाची बरणी... कुठं असते गं?"

चित्रा सवयीनं उठू लागली. मंदाकिनीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

"फडताळात, भाऊ. खालच्या कप्प्यात."

आतून झाकण पडल्याचा आवाज आला. भाऊ वाटी घेऊन आले, थोरल्या लेकीच्या त्या उलट्या पानापुढे वाकले, आणि चिमूट हवेतच थांबली.

"कुठं वाढू, मंदे?" आयुष्यभर पोरांना रीत शिकवलेल्या हेडमास्तरांनी विचारलं.

"मधोमध. उलट्या पानावरही मिठाची जागा तीच असते."

मीठ पडलं, हवं त्याहून कितीतरी जास्त. मंदाकिनीनं वर पाहिलं नाही. भाऊंसमोर जन्मात पहिल्यांदाच तिनं डाव्या हातानं वरणभात कालवला, पहिला घास उचलला आणि तो चित्राच्या ओठांशी नेला. आई गेल्यावर रडणाऱ्या बहिणीला ती असंच भरवायची, दार लोटून, याच हातानं.

"उघड तोंड, वेडे. गार होतंय."

चित्रानं डोळे मिटून तोंड उघडलं, आणि मिटल्या पापण्यांतून धारा लागल्या.

भाऊ मिठाची वाटी धरून तसेच उभे होते. त्यांच्या पानावर वाढायला कुणी उठलं नाही.