ड्रम्स बंद केल्यावर

बाबांना घेऊन मुलगी स्टुडिओत गेली ती भांडायच्या तयारीनेच. जॅझच्या त्या गाजलेल्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघत होती. वेष्टनावर गाणाऱ्या बाईंचं नाव होतं, ट्रम्पेटवाल्याचं होतं, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा होतं. ड्रम्स वाजवणाऱ्या बाबांचं तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

"जाऊ दे गं," बाबा जिन्यात दम खात म्हणाले. "ड्रमवाला म्हणजे घराचा पाया. पाया बघायला कोण जातं?"

"मी जाते. चला."

रेकॉर्ड झाली होती तोच हा स्टुडिओ. काचेपलीकडे वाजवायची खोली रिकामी, गालिचा विटलेला, कोपऱ्यात खुर्च्यांची चळत. अलीकडे यंत्रांच्या खोलीत रेकॉर्डिस्ट चहा फुंकत बसला होता. माणूस सज्जन.

"नाव घालायला माझी ना नाही," तो म्हणाला, "पण कंपनीच्या मालकांना पटेल असं काहीतरी द्या."

मुलगी शाळेत गणित शिकवायची. एक पद काढलं की समीकरण कुठे कोसळतं, हे दाखवायची तिला सवयच होती. "बाबांचे ड्रम्स तेवढे बंद करा. उरलेलं मालकांना ऐकवू."

टेप फिरू लागली. बाईंचा दाट आवाज, ट्रम्पेट, आणि त्याखाली ड्रमवर फिरणारे बाबांचे ब्रश, कुणी रेशीम झटकत असावं तसे. रेकॉर्डिस्टने ड्रम्सची कळ खाली ओढली.

गाणंच थांबलं.

टेप फिरतच होती. त्याने कळ वर केली, गाणं सुरू. खाली केली, पुन्हा चिडीचूप.

"वायर सैल असेल," असं पुटपुटत त्याने आवाज वाढवला. स्पीकरमध्ये खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. मग बाई अगदी स्पष्ट म्हणाल्या, "ड्रमवाला कुठे गेला?"

बाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"हे... हे टेपवर नव्हतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचा हात कळेवरच राहिला. मुलीने बाबांचं मनगट धरलं. बाबा मात्र पुढे वाकले आणि शेजारणीशी बोलावं तसे म्हणाले, "इथेच आहे, बाई. तुमच्या पाठीमागेच असायचो. तुम्ही कधी वळून पाहिलं नाहीत."

नुसती खरखर.

"कोण बोललं?" बाईंचा आवाज बारीक झाला होता. "यंत्रांच्या खोलीत कोण आहे?"

बाबांनी आपलं नाव सांगितलं. आडनावासकट, ठासून. इतक्या ठासून ते सांगताना मुलीने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

टेपवर पावलं वाजली. जवळ आली. थांबली.

मुलीच्या मागे दाराची मूठ फिरली.

दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात दुपारचं ऊन पडलं होतं, बाकी काही नाही. बाबा उठले, कॉलर नीट केली आणि हात पुढे केला.

"छे," बाई म्हणाल्या, "इथे तर कुणीच नाही."

या वेळी आवाज स्पीकरमधून आला नव्हता.

दार हलकेच बंद झालं. बाबा अजून हात पुढे करून उभे होते.