इंजिन थंड झालं का?

ही गोष्ट मी बनवून सांगत नाही. पटली तर ठीक, नाही तर सोडून द्या. मला कोणाशी वाद घालायचा नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती.

मागच्या वर्षीची बावीस मे. उमरखेडहून यवतमाळकडे येणारा रस्ता, आर्णीच्या थोडं अलीकडे. मी आणि माझा मोठा भाऊ शादाब, खालाकडून, म्हणजे मावशीकडून, घरी परत येत होतो.

मी अतिया. आम्ही यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहतो, तिथंच शादाबभाईचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. गाडी किती तापली ते त्याला नुसता हात जवळ नेऊन कळायचं. अम्मीला ताप आला की मात्र मेडिकलमधून गोळी आणून टाकायचा, नि पुन्हा गाडीखाली. त्याची स्वतःची गाडी रेडिएटरवाली होती. शंभराच्या आसपास तापली की पंखा आपोआप लागायचा. त्या पंख्याचं त्याला कोण कौतुक!

त्या दुपारी पंखा लागला, तो थांबेचना. मग मीटरवर लाल दिवा लागला.

रेडिएटरच्या पाइपाला चीर गेली होती. भाईनं गाडी एका कडुनिंबाखाली घेतली, चिरेवर टेप गुंडाळली.

"आता अर्धा तास हात लावायचा नाही," तो म्हणाला. "गरम झाकण खोललं त तोंडावर उकळतं पाणी येते."

त्याच्याकडे एक लिटरची कॅन होती. पाण्यानं भरलेली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त इंजिनाचा आवाज...

टिक... टिक... टिक...

गरम धातू थंड होताना असा वाजतो. आवाज थांबला की समजायचं, इंजिन थंड झालं. हे मला भाईनंच शिकवलेलं.

तेवढ्यात एक म्हातारा आला. डोक्याला पांढरा फेटा, खांद्याला पिशवी. तांड्यावर चालला होता. पाय लटपटत होते, ओठांवर पांढरा थर आलेला.

"भाऊ, पाणी हाय का?"

"हाय बाबा. पण इंजिनाले लागते. थे थंड होऊ द्या, उरलं त देतो."

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला, समोरच्या दगडावर ठेवला आणि इंजिनाकडे बघत बसला.

थोड्या वेळानं म्हणाला, "थंड झालं का?"

"नाही अजून."

पुन्हा थोड्या वेळानं... "थंड झालं का, भाऊ?"

भाई हसला. "तुमचं इंजिन जुनं हाय बाबा, बिनपाण्याचं चालते. माह्यं नाजूक हाय."

मीही हसले. हे मला लिहायलाच हवं.

अर्ध्या तासानं भाईनं झाकण खोललं आणि कॅन ओतली. सगळी. शेवटी तळाला घोटभर राहिलं, ते त्यानं रुमालावर घेऊन स्वतःच्या मानेवर पिळलं.

म्हातारा बघत होता. ग्लास तसाच दगडावर.

गाडी चालू झाली. सव्वा वाजला होता. वळणावर मी आरशात पाहिलं, तर तो अजून इंजिन होतं त्या जागेकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं अंगण झाडताना हाक मारली. गाडी रात्रभर उभी होती. कोणी चावीही लावली नव्हती.

तरी इंजिन वाजत होतं...

टिक... टिक... टिक...

मी हात लावला आणि बोटं भाजली.

मग पंखा सुरू झाला. भाई म्हणाला, वायर शॉर्ट असेल. त्यानं बॅटरी काढून ओट्यावर ठेवली.

पंखा फिरतच राहिला.

भाईनं रेडिएटर उघडला. आत थेंब नव्हता. त्यानं पाणी ओतलं. त्या रेडिएटरमध्ये जेमतेम लिटरभर मावतं. त्यानं अख्खी बादली ओतली, मग दुसरी. खाली जमीन कोरडी ठणठणीत.

आतून फक्त आवाज येत होता...

गट... गट... गट...

चोवीस तारखेच्या पेपरात छोटी बातमी होती. आर्णी रस्त्यावर कडुनिंबाखाली वृद्धाचा उष्माघातानं मृत्यू. नाव पूनमसिंग. तांडा तिथून दोन किलोमीटरवर होता. भाईनं बातमी वाचली, घडी घातली आणि गादीखाली सरकवली.

त्या दुपारपासून त्यानं पाणी सोडलं.

सोडलं म्हणजे, त्याला पिताच येईना. ग्लास ओठापर्यंत न्यायचा आणि थांबायचा. अंगणाकडे कान देऊन ऐकायचा.

"अजून थंड नाही झालं," म्हणायचा आणि ग्लास खाली ठेवायचा.

अम्मीनं आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग रडली. शेवटी मी त्याचं डोकं धरलं आणि अम्मीनं चमच्यानं तोंडात पाणी घातलं. त्याच्या गळ्यापर्यंत ते गेलंच नाही. त्यानं ते ताटलीत थुंकलं.

त्या पाण्यातून वाफ निघत होती...

दवाखान्यात सलाईन लावलं, बर्फाच्या लाद्या लावल्या. डॉक्टर थर्मामीटर झटकून पुन्हा पुन्हा लावत होते. भाईच्या ओठांवर पांढरा थर आला होता. तसाच थर मी कडुनिंबाखाली पाहिला होता.

सव्वीस तारखेला दुपारी त्यानं माझा हात धरला. त्याचा हात सायलेन्सरसारखा तापला होता.

"अतिया, घरी जाऊन पाह्य ना. इंजिन थंड झालं का?"

मी रिक्षा करून घरी आले. अंगणात टिक टिक चालू होती. तरी मी त्याला फोन करून खोटं सांगितलं, "हो भाई, एकदम थंड झालं. पाणी पी आता."



मग भाई म्हणाला, "खोटं काहून बोलतं? बाबा इथं बसले हायेत. थे म्हणतात, नाही झालं."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. पलीकडे अम्मी भाईला हलवत होती, नर्सला हाका मारत होती.

आणि अंगणातली टिक टिक थांबली.

मी इंजिनाला हात लावला. माठासारखं गार होतं. मोबाईलवर वेळ पाहिली. सव्वा वाजला होता.

ती गाडी आम्ही भंगारात दिली. खरं तर गोष्ट इथं संपायला हवी.

पण एक गोष्ट मी अम्मीलाही सांगितलेली नाही.

त्या दुपारी कडुनिंबाखाली माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती. खालानं फ्रीजमधून काढून दिलेली, अर्धा लिटर, तोंडही न लावलेली. मी ती माझ्यासाठी ठेवली होती. म्हाताऱ्यानं एकदा पर्सकडे पाहिलं होतं. बाहेरून ओल आली होती, त्याला कळलं असणार. मी पर्स मांडीवर घेतली आणि चेन लावली.

त्यानं माझ्याकडे मागितलं नाही. म्हणून मला वर्षभर वाटत होतं, मी सुटले.

परवा अंगणात कपडे वाळत घालत होते. गाडी उभी असायची त्या जागेवर पाय पडला आणि चटका बसला. दिवसभर तिथं भिंतीची सावली असते.

खाली वाकून कान लावला...

टिक... टिक...

काल सकाळपासून मी ग्लास भरून समोर ठेवला आहे. अम्मी दोनदा विचारून गेली, पीत का नाहीस म्हणून. रोजे तर नाहीत.

मला खूप तहान लागली आहे. पण आवाज अजून थांबलेला नाही.