उपटलेल्या तीन ओळी

"अहो! थांबा! काय करताय काय?"

मी बांधावरून ओरडले आणि तशीच चपलांसकट चिखलात उतरले. खाचरात एक अनोळखी तरुण उभा होता आणि त्याच्या हातात माझ्या भाताची मूठ होती – मुळांसकट उपटलेली!

तो दचकून वळला. "मेलेलं भात काढतोय. दुबार लावणी करायचीय ना."

"मेलंय हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने हातातल्या पिवळ्या, लिबलिबीत रोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे… तेच सांगताहेत की."

दहा ओळींपैकी तीन साफ! मला धड ओरडताही येईना, धड रडताही.

मी नबीला, कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला. चिपळूणच्या अलीकडे वाशिष्ठीला लागून असलेलं हे खाचर मन्सूरचाचांचं. पूर ओसरला तरी इथलं पाणी हलत नाही, म्हणून तर मी ते प्रयोगासाठी मागून घेतलं होतं. आमच्या बुरोंडीजवळ एकाच घरात जुन्या भाताचं मूठभर बी उरलं होतं. पाण्याखाली ते तग धरतं असं म्हातारी माणसं सांगायची. होतं नव्हतं ते सगळं बी मी इथे लावलं. रोपं अकरा दिवस बुडून होती, काल पाणी उतरलं. आठवड्याभरात नवी पालवी आली तर मी जिंकले. नाही आली तर माझं वर्षही गेलं आणि ते बीही कायमचं गेलं.

"इथे पाटी होती," मी म्हटलं. "प्रयोग चालू आहे, अशी."

"पाटी गेली असेल दाभोळच्या खाडीत. मी जुनेद. मन्सूर माझे अब्बा. जहाजावर असतो, कालच आलो. मला कोणी काय सांगितलं नाय हो…" त्याचे कान लालबुंद झाले होते.

"यापुढे माझ्या एकाही रोपाला हात लावलात तर याद राखा!"

"आणि या उपटलेल्यांचं काय करू?"

"लोणचं घाला!"

दुसऱ्या दिवशी मी आले, तर हा बांधावर हजर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मात्र चहा प्याले, कारण उघडीप पडली होती आणि ऊन असं तापलं होतं की डोकं भणभणायला लागलं.

"एक विचारू? ओरडणार नाय ना?"

"विचार. मग ठरवते." अहो-जाहो कधी सुटलं, कळलंच नाही.

"आम्ही जहाजाच्या टाकीत उतरताना आधी मीटर लावतो. आत ऑक्सिजन कमी असला की तो बोंबलतो. तुझ्या भाताला कसं कळतं?"

मी चमकून पाहिलं. दोन वर्षांत घरच्यांनीसुद्धा मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"झाड स्वतःच एक वायू सोडत असतं, एथिलीन. एरवी तो उडून जातो. पाण्याखाली मात्र बाहेर पडता येत नाही, आतच साठतो. मग झाड ओळखतं, आपण बुडालो. शिवाय त्याच्यात काही प्रथिनं असतात. हवा भरपूर असली की ती तयार होतात तशी लगेच मोडतात. ऑक्सिजन घटला की टिकतात, आणि टिकली की हुकूम सोडतात – वाढ थांबवा, साखर जपून खा, गप बसा."

"म्हणजे सुखात टिकत नाय, आणि अडचणीत टिकतं?"

"अगदी तसंच."

"माझ्या अम्मीसारखं," तो म्हणाला. मी हसले. हसायचं नाही असं ठरवलं होतं, तरी हसले.

तो रोज येत होता, आणि रोज मी त्या तीन ओळींवरून त्याला टोचत होते. तो गपगुमान ऐकून घ्यायचा. चौथ्या दिवशी पानांचे शेंडे करपले. पाचव्या दिवशी बुंधे लोळागोळा झाले. सातव्या दिवशी, बुधवारी, मी सातही ओळी हाताने चाचपल्या. एकही जिवंत नव्हती. वहीत फक्त तारीख लिहिली आणि बांधावर बसून ढसाढसा रडले.

जुनेद शेजारी उभा होता. चुळबुळ करत म्हणाला, "घराकडे चल. एक दाखवायचंय… पण मारू नकोस."

त्याच्या परसात फणसाखाली निळं पिंप कापून ठेवलेलं होतं. त्यात खाचरातला चिखल, आणि वर सावलीला बांधलेली त्याच्या अम्मीची, हाजराचाचींची ओढणी. त्याने ती दूर केली.

मी जागच्या जागी थिजले. तीन ओळी! प्रत्येक बुंध्यातून पोपटी पान वर आलेलं, ताठ!

"हे… हे कसं?"

"टाकीत गुदमरलेल्या माणसाला बाहेर काढून लगेच उन्हात उभं करत नाय कोणी. म्हटलं, यांनाही जरा निजू दे. रोज ओढणी थोडी थोडी सरकवत गेलो."

म्हणजे पाण्याखाली सगळ्याच ओळी जगल्या होत्या. वर आल्यावर एकदम मिळालेल्या हवेने आणि उन्हाने त्या सात मारल्या. बुडाल्यावर रोप काय करतं, एवढंच मी शोधत बसले होते, वर आल्यावर त्याचं काय होतं हे विचारलंच नव्हतं.

"मग इतके दिवस माझ्या शिव्या का खाल्ल्यास? सांगायचंस ना!"

"जगतील की नाय, ते कुठे माहीत होतं? खोटी आशा लावून परत तुला रडवू?"

मला हा माणूस आवडतो, हे मला तिथे, त्या पिंपापाशी कळलं. छाती धडधडायला लागली आणि ते लपवायला मी उगाच दरडावलं, "आणखी काय काय लपवलंयस?"

तो खाली बघत म्हणाला, "शनिवारी जहाज पकडतोय. सात महिने."

"शनिवारी? या शनिवारी?"

"हं. आणि… पहिल्यांदाच जायचं मन नाय. तुझ्यामुळे."

"मग… जाऊन ये. आल्यावर बुरोंडीला ये. माझ्या अब्बांना भेटायला."

हे मीच बोलले? जुनेद आ वासून मटकन खाली बसला.

"सात महिने कशाला गो थांबायचं?" मागच्या दारात हाजराचाची उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. "परवा जुम्म्याची नमाज झाली की आम्ही येतो बुरोंडीला. तुझ्या अम्मीला सांग, जेवणाचा घाट घालू नको, चहा पुरे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचंही विसरलो.

"अम्मी, अगो, ती अजून हो म्हणालेली नाय…"

"मग विचार की! जहाज चुकवशील."

त्याने विचारलं. मी होकाराची मान हलवली, आणि ती चुकून दोनदा हलवली.