निवलेला पाव

"बोट पिळायचं नाही. थेंब आपण होऊन वर येतो. आपण फक्त थांबायचं."

बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई म्हणजे आमच्या अन्नतपासणी केंद्राच्या तेव्हाच्या प्रमुख. आता त्या निवृत्त होऊन लेकीकडे राहतात, पण मी सुई हातात घेतली की त्यांचा आवाज अजून कानाशी येतो. बोट दाबलं तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि साखरेचा आकडा चुकतो, एवढंच त्यामागचं कारण. पण बाई ते अशा काही मृदूपणे सांगायच्या, की मला ते प्रार्थनेतल्या ओळीसारखंच वाटत आलं.

त्या सकाळीही मी तशीच थांबले होते. समोरच्या माणसाचा हात माझ्या हातात होता, आणि थेंब काही येत नव्हता.

आमच्याकडे चाचणीला येणारी माणसं रात्रभर उपाशी राहून सकाळी येतात. त्या दिवशी एक जण नवीन यायचा होता. दारात एक उंच तरुण दिसला. केसांवर पावसाची भुरभुर, हातात खोकं, आणि कुणाला विचारावं असा संकोच.

"उपाशी आहात ना?" मी विचारलं.

"हो, पण..."

"मग या, बसा. खोकं खाली ठेवा. आणि आता बोलायचं नाही, श्वास शांत होऊ द्या."

तो निमूट बसला. बोटांचं कातडं जाड होतं, टोकांवर भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. सुई टोचली, तरी रक्त दिसेना. मग मी कोमट पाण्याचं भांडं आणलं आणि त्याचा हात त्यात धरून बसले. तो पाण्याकडे बघत होता, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे... निदान तसं दाखवत होते. पाण्यात त्याची बोटं हळूहळू गुलाबी झाली. हात पुसून पुन्हा सुई लावली, आणि थेंब आला – गोल, टपोरा, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

"आला," तो हळूच म्हणाला, दारात पाहुणा यावा तसा.

"तुमचा क्रमांक सांगा."

"क्रमांक नाही माझ्याकडे. मी बेकरीवाला. आज चाचणीला आहे ना, तो पाव घेऊन आलोय."

माझ्यामागे चाचणीला आलेल्या दोघी जावा खुदकन हसल्या. या दोघी घरी एकमेकींशी म्हणे चकार शब्द बोलत नाहीत, आमच्याकडे मात्र दोन तास त्यांच्या गप्पांना खंड नसतो.

"मग आधी सांगायचं नाही का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हीच बोलू नका म्हणालात."

"सगळंच ऐकता का असं?"

"सगळ्यांचं नाही ऐकत," तो म्हणाला. मग स्वतःच गडबडून त्याने खोकं उघडायला घेतलं.

खोक्यात सहा पाव होते, शांत, गार, तपकिरी. आदल्या दुपारी भाजून रात्रभर शीतपेटीत ठेवलेले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. साखरेचं पाणी प्यायल्यावर माणसाच्या रक्तातली साखर जेवढी चढते, त्याला शंभर धरायचं. मग तेवढंच पिष्ट पोटात जाईल इतका पाव त्याच माणसाला खायला द्यायचा आणि दोन तास थोड्या थोड्या वेळाने एकेक थेंब घेत राहायचं. पाव शंभरातला किती चढवतो, तो त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स. पंचावन्न किंवा त्याखाली आला तर "कमी". इतकी वर्षं करतेय, तरी कागदावर ती रेघ उमटू लागली की माझे हात नकळत जुळतात. रेघ चढते, माथ्यावर क्षणभर थांबते आणि सूर्यासारखी कलू लागते. कुणी शिकवलं असेल शरीराला हे? आपण खाऊन विसरून जातो, आणि आत कुणीतरी दाणा न् दाणा जागच्या जागी लावत बसलेलं असतं.

बेकरीवाला त्या दिवशी गेलाच नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. शेवटचा थेंब घेऊन मी डबा उघडला, तेव्हा त्याने दारातून विचारलं, "तुम्ही आत्ता खाताय? सकाळपासून काहीच नाही?"

"ही माणसं उपाशी येतात. त्यांचं होईपर्यंत मीही काही खात नाही. माझा नेम आहे तो."

"केंद्राचा नियम?"

"छे. माझाच. त्यांना सुई टोचायची आणि आपण चहा ढोसून यायचं... बरं वाटत नाही मनाला."

 त्यानंतर त्याच्या बघण्यात काहीतरी बदललं.

त्याची गोष्ट मला कळली ती अशी बाकावरच, तुकड्यातुकड्यांनी. त्याचे वडील जन्मभर भट्टीसमोर उभे राहिले. आता त्यांना मधुमेह आहे. औषध चालू आहे, आणि पांढरा पाव बंद.

"बंद म्हणजे टेबलावर बंद," तो म्हणाला. "मी पाठ फिरवली की कोपऱ्यात उभे राहून खातात. मी पाहिलं तर लहान मुलासारखा हात मागे. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला खाऊ घातलं ना, त्याने स्वतःच्या भट्टीसमोर चोर व्हावं... मला बघवत नाही. त्यांना बसून, ताटलीत वाढून देता येईल असा पाव हवाय मला. बस."

"आकडा चांगला आला तरी पोटभर नाही खायचा, डॉक्टरांना विचारूनच."

"एक चतकोर. पण राजासारखा बसून."

पहिल्या पाच जणांचा आकडा आला बावन्न. मी त्याला सांगितलं, "अजून अर्धी माणसं बाकी आहेत, आत्ताच नाचू नका." तो म्हणाला, "नाचत नाही, उभा आहे फक्त." पण उभं राहणंही इतकं आनंदी असू शकतं, हे मी तेव्हा पाहिलं.

उरलेल्या पाच जणांच्या दिवशी तो आला तो धापा टाकत. खोक्याऐवजी हातात जाड टॉवेलचं गाठोडं. त्याने गाठ सोडली आणि सगळी खोली वासाने भरून गेली. भाजलेलं धान्य, जरासा आंबूस, जरासा गोड वास. चाचणीला बसलेल्या निवृत्त गुरुजींनी तर डोळेच मिटले. दोघी जावा एकदम गप्प झाल्या, आणि हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्ता भट्टीतून काढलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला खाता येत नाही, माहितेय. म्हटलं, निदान वास तरी..."

मी मान खाली घालून पाव कापत राहिले. कडेची वाफ बोटांना लागत होती.

त्या दिवशी पाचही रेघा चढल्या. नुसत्या चढल्या नाहीत, उधळल्या. आकडा एकाहत्तर.

मी यंत्र तपासलं, पट्ट्या तपासल्या, वजनं पुन्हा केली. माणसामाणसात फरक पडतो, पण पाचही जणांत एकसारखा कसा पडेल? तेच पीठ, तोच पाव, तोच हात. मग माझी नजर खुर्चीवर राहिलेल्या त्या टॉवेलवर गेली. अजून तो कोमट होता.

पुस्तकात वाचलेलं होतं सगळं. पण वाचलेलं डोळ्यांपुढे उभं राहतं, तेव्हा निराळंच असतं. पीठ शिजतं तेव्हा पिष्टाच्या साखळ्या सैल होऊन मोकळ्या पडतात. गरम गरम खाल्लं की पोट त्या भराभर तोडतं, आणि साखर धावत सुटते. पण तोच पाव रात्रभर निवू दिला, तर काही साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, घट्ट बिलगतात, आणि मग त्या सहजी तुटत नाहीत. त्या पावात हे जरा जास्तच घडत असावं. सगळी गल्ली झोपलेली असताना तो पाव अंधारात स्वतःला असा आवरत बसत होता. मी कितीतरी वेळ हातातल्या कापाकडे नुसती बघत राहिले. इतकं मोठं काम, आणि काडीचा आवाज नाही.

मग आठवलं की हे त्याला सांगायचं आहे.

तो बाकावरच होता. टॉवेल त्याच्या हातात देऊन मी सगळं सांगितलं. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"म्हणजे मी घाईघाईने गरम आणला, म्हणून बिघडलं."

"बिघडलं नाही. कळलं."

"तुमच्यासाठी आणला होता..." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग वर न बघता म्हणाला, "पहिल्या दिवशी आणला तसेच सगळे आणले असते, तर 'कमी' मिळालं असतं ना? आज आणला तो धरूच नका. गार पाव घेऊन परत येतो. तसं चालतं का?"

चाललं असतं. नमुना पुन्हा मागवायची सोय असते, आणि त्याला हवं ते मिळालं असतं. मी हो म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण मला हो म्हणवेना, आणि नाही म्हणायचंही जिवावर आलं. मी एवढंच विचारलं, "बाबा कोणता खातात? गार की गरम?"

त्याने मान वर केली. मग त्याला हसू फुटलं, अगदी रडवेलं हसू. "गरम. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून. जीभ पोळते तरी."

"मग?"

"मग काय... 'कमी' असा कागद भिंतीला लावीन आणि ते गरम खातील. मीच फसवीन त्यांना." तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला. "पीठच बदलतो. थोडे दिवस द्या."

ते थोडे दिवस मला फार लांब गेले. सकाळच्या प्रार्थनेत मी कधी कुणाच्या पावासाठी काही मागेन, असं मला वाटलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा बारीक झाला होता. दोन खोकी होती. "पीठ कमी केलं, अख्खे दाणे भिजवून घातले. आंबवणही लांबवलंय, घाई नाही. एका खोक्यातले रात्रभर निवलेले, दुसऱ्यातले आत्ताचे. दोन्ही तपासा. दोन्हींचा आकडा मला हवाय."

"दोन्हींचा?"

"हो. जे असेल ते असू दे."

दोन्ही पाव तपासायचे म्हणजे दोन फेऱ्या, दोन आठवडे, आणि गरम पाव त्या त्या सकाळी ताजा भाजून आणायचा. तो रोज काहीतरी कारण काढून यायचा. कधी खोकी न्यायला, कधी राहिलेली छत्री न्यायला, एकदा तर ती छत्री परत ठेवायला. चाचणीला येणारे बसवाले काका मला म्हणाले, "पोरी, आम्ही तुझ्याकडे सुई खायला येतो. हा कशाला येतो?"

"पावाच्या काळजीने, काका."

"पाव आत आहे. हा बघतो बाहेर, तू जाशील तिकडे."

शेवटच्या दिवशी तो बाकावरून उठून माझ्यासमोर उभा राहिला. "एक विचारायचं होतं."

"आकडा अजून आला नाही."

"आकडा नाही." तो थांबला. "तुम्ही... एकदा बेकरीत याल? आमच्याबरोबर बसून खाल?"

"अहवालावर सही होईपर्यंत मी तुमच्याकडचं पाणीसुद्धा घेऊ शकत नाही."

"आणि सही झाल्यावर?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी उत्तर द्यायला वेळ लावला, कारण मला ते आधीपासून माहीत होतं, आणि ते माहीत असणं थोडा वेळ तसंच जपावंसं वाटत होतं.

"सही झाली, की बाबा ज्या सकाळी टेबलाशी बसतील त्या सकाळी येईन," मी म्हणाले. "शब्द दिला."

आकडे आले. निवलेला एक्कावन्न, गरम त्रेसष्ट. मी दोन्ही आकडे स्वच्छ लिहिले, खाली सही केली आणि कागद घेऊन आमच्या साहेबांकडे गेले.

"छान काम झालंय," ते म्हणाले. "या बेकरीचे पुढचे नमुनेही तुझ्याकडेच देतो."

"नको, सर. यापुढे त्यांचं काही आलं तर दुसऱ्या कुणाला द्या."

"का? काही तक्रार?"

"तक्रार नाही." माझे कान तापले. "मला आता त्या आकड्यांकडे... तिऱ्हाईतासारखं बघता येणार नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि माझ्या नावापुढे एक बारीक रेघ मारली.

मी त्याला फोन केला. दोन्ही आकडे सांगितले, आणि साहेबांना काय सांगितलं तेही. पलीकडे भट्टीची धगधग ऐकू येत होती.

"तुम्ही स्वतः सांगितलंत?" तो म्हणाला. "मी महिनाभर आरशासमोर वाक्यं घोकत होतो... आणि तुम्ही थेट साहेबांना?"

"आधी तिथेच सांगायला हवं होतं."

"मग आता मी काय बोलू?"

"घोकलेलं वाया का घालवता? बोला की."

तो बोलला. ते मी इथे लिहीत नाही. पण मधेच मागून एक खणखणीत आवाज आला, "काय म्हणतेय ती? खायचा का नाही?"

"निवलेला खायचा, बाबा. आज भाजायचा, उद्या सकाळी खायचा. गरम नाही."

"म्हणजे रात्रभर नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं?"

"हो."

 मग तोच आवाज, पण हळू झालेला: "बसू. लोकांना आयुष्यभर गरम वाढलं, एक रात्र काय मोठीशी. ती येणार असेल तर तिला सांग, मी तिच्याआधी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दिवा लावून, हात जोडून मी उठले तेव्हा आईने दाराशी अडवलं. "सुट्टीची कुठे गं निघालीस, इतक्या पहाटे? आणि ही नवी साडी?"

"एका घरी जायचंय, आई. एक म्हातारे गृहस्थ ताटलीसमोर बसून राहिलेत. मी गेल्याशिवाय खाणार नाहीत."

"कोण माणसं ही?"

"आल्यावर सांगते. सगळं सांगते."

आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. मी चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि ओल्या रस्त्याने चालू लागले.